कादंबरी मिटल्यावर बऱ्याच काळाने तिच्याबद्दलचं मत बदललं? अनुभव सांगा

सुरंगी_वेंगुर्ला
काल पाहुण्यांना कोंडुऱ्याचा समुद्र दाखवायला नेलं होतं. कपारीत लाट शिरली की घुमतं ना तिथे, ते ऐकत उभी होते आणि खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) आठवली. कॉलेजात असताना वाचली, तेव्हा 'काही धड उलगडतच नाही' म्हणून मैत्रिणीला परत दिली होती. नंतर पुन्हा हातात घेतली नाही. पण परशुरामतात्या डोक्यातून गेला नाही. भाकऱ्या थापताना, एसटीची वाट बघताना मध्येच आठवायचा. त्याला जे लाभलं तो वर की भास, हे त्याला स्वतःलाच कळत नाही, आणि गाव मात्र त्याच्या पायाशी येऊन बसतं! कौल लावणाऱ्या, गाऱ्हाणं घालणाऱ्या आपल्या मुलखात हे कोणी इतकं आतून लिहिलंय? आज ती मला मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांपैकी एक वाटते. पुन्हा न वाचताच मत फिरलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुमचंही असं झालंय का?

जगबुडीकाठ
तुंबाडचे खोत. दोन्ही खंड एका पावसाळ्यात, वीज गेलेली, बॅटरीच्या उजेडात. संपल्यावर म्हटलं, निम्मी चालली असती. चार पिढ्या, ही माणसं, कोण कोणाचा कोण ते बघायला सारखं मागे जायचं.
मग एकदा जगबुडीचं पाणी खेडच्या बाजारात शिरलं तेव्हा काकांच्या दुकानातला माल माडीवर चढवत होतो. काका म्हणाले, आजोबांनीही असाच चढवला होता, ह्याच जिन्याने. तिथेच कादंबरी आठवली. एवढी पानं नसती तर घराणं चढताना आणि उतरताना दिसलंच नसतं. लांबी हेच तिचं बळ आहे. आता एकही पान कमी नको.

हापूस_देवगड
छान विषय. पेट्या भरायच्या आहेत, गाडी रात्री निघते. सवडीने लिहिते.

गाजावाजा
@जगबुडीकाठ काकांचं नुकसान फार झालं का हो? आमच्याकडे चिपळूणला २०२१ च्या जुलैत पुस्तकांचं कपाटच गेलं. पानं उन्हात घातली, पण चिकटलेली सुटली नाहीत.

जगबुडीकाठ
@गाजावाजा अरेरे. आमचं थोडक्यात निभावलं. पुस्तकं गेली की फार लागतं.

शिरोड्याची_माय
मी ययाति. आमच्या गावात खांडेकर शिक्षक होते, त्यामुळे घरोघरी आदराने वाचलेली. १९७४ चं ज्ञानपीठ तिला मिळालं हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. कॉलेजच्या वयात शर्मिष्ठेसाठी रडले आणि देवयानीचा मनापासून राग केला. पुढे जाऊबाईंचा संसार जवळून बघितला. नवऱ्याने फसवलं आणि सगळे म्हणत होते, 'तीच तापट.' त्या दिवसांत देवयानी सारखी मनात यायची. खांडेकरांनी ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघांनाही आपापल्या तोंडून बोलू दिलंय. मी मात्र तेव्हा एकीचंच ऐकलं होतं. आता देवयानीची बाजू मला पटते, आणि ययाति स्वतःला किती सहज माफ करतो ते खुपतं. कादंबरी उंचावली की खाली आली? लेखक उंचावला. नायक पार उतरला.

नारळीपोफळी
माझं थोडं वेगळं. पेंडशांचं 'रथचक्र'. घर सोडून पोरांच्या शिक्षणासाठी निघालेली ती बाई मला पहिल्या वाचनापासून देवीसारखी. आजी सुपारी सोलत बसायची, मला वाटलं तिला गोष्ट सांगावी. रोज थोडी थोडी सांगितली. आजी शाळेत गेलेली नाही. सगळं ऐकून घेतलंन, टोपलीतली सालं बाजूला सारलीन आणि म्हणाली, "त्या पोरांस कुणी विचारलंन काय, तुम्हांस काय हवंय म्हणून?"
मी चिडले तेव्हा. पण तो प्रश्न सुटेना. आईच्या कष्टांचं ओझं पोरांवरही असतं, हे पुस्तकात आहेच, मी बाईच्या डोळ्यांनी बघत राहिले म्हणून दिसलं नव्हतं. ती बाई माझ्यासाठी आजही तेवढीच मोठी आहे, फक्त आता तिच्यासोबत पोरंही दिसतात.

सुरंगी_वेंगुर्ला
@नारळीपोफळी आजींना माझा नमस्कार सांग गं. अंगावर काटा आला.

मालवणी_खाजा
माका 'कोंडुरा' अजून कळूक नाय, पण सुरंगीताय, तुमचा वाचून परत घेतलंय हातात. बायको म्हणता, मासे साफ कर आधी.

धोंडू_रत्नागिरी
मला वाटतं घाई हाच खरा अडसर. आमचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, तिथल्या पुस्तकांवर मी वाढलो, पण परत करायची तारीख आली की शेवटची पानं पळवायची आणि काउंटरवर कोणी विचारलं 'कसं वाटलं?' की लगेच 'बरं होतं' म्हणायचं. आता मी कोणालाही लगेच मत देत नाही. मुलगी विचारते तेव्हा म्हणतो, गणपतीनंतर विचार.

हापूस_देवगड
आले. गाडी गेली. मी उलट अनुभव सांगणार होते, रात्रभर जागून वाचलेली एक प्रेमकथा, तेव्हा जीव ओवाळून टाकावा वाटलेला, पुढे तिच्यातलं एकही माणूस आठवेना. नाव नाही लिहीत, कोणाची आवडती असेल. बाकी @जगबुडीकाठ, तुंबाडचा दुसरा खंड कोणाकडे आहे का? माझ्याकडचा कोणीतरी नेला तो आलाच नाही.

मालवणी_खाजा
@हापूस_देवगड माझ्याकडे आसा दुसरो खंड. कुडाळाक येशात तेव्हा घेवन जावा.

हापूस_देवगड
देव बरे करो! पुढच्या बुधवारी बाजाराला येतेय, स्टँडवर भेटू. आंबे आणते.