मदत हवी आहे : टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर सकाळी आठला उतरल्यावर दुपारी तीनपर्यंत काय करावे?

पुढील महिन्यात मी आईला (वय ७१) घेऊन प्रथमच टोकियोला जात आहे. नाशिकहून पहाटे सहाला निघून, कसारा घाटमार्गे मुंबई गाठून, बँकॉकला विमान बदलून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नारिताला उतरू. घड्याळ साडेतीन तास पुढे जात असल्याने प्रत्यक्ष प्रवास साडेबावीस तासांचा होतो. टोकियोच्या उएनो भागातील हॉटेलची खोली मात्र दुपारी तीनला मिळेल. हॉटेलला विचारून झाले आहे : सामान ठेवून घेतील, खोली लवकर देण्याची हमी नाही. आदल्या रात्रीचे भाडे भरणे खिशाला परवडणारे नाही.

आईला गुडघ्यांमुळे दोनपेक्षा अधिक जिने चढवत नाहीत. खाण्याची चिंता नाही, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ती बांधून घेणारच आहे. विमानतळावरून सुटणारी जलद रेल्वे, स्कायलायनर, पाऊण तासात उएनोला पोहोचवते, हे ठाऊक आहे. परंतु डोळ्यांवर झोप असताना उद्यानातील बाकावर बसून तिला टोकियोची पहिली ओळख व्हावी, हे मला पटत नाही.

ज्यांनी वयस्कर माणसांसह हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे : विमानतळावरच तासांच्या भाड्याने खोली घेऊन आंघोळ व झोप उरकावी, की उएनोत दिवसापुरती आडवे होण्याची सोय मिळते? आणि स्कायलायनरच्या स्थानकातून रस्त्यावर येण्यास लिफ्ट आहे का?