टी. रेक्स: मार्क बोलन म्हणजे नुसती चमकी?

भोंगा:
परवा एका मित्राकडे ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ लावली होती, टी. रेक्स या इंग्लिश बँडची १९७१ ची एलपी. ‘कॉस्मिक डान्सर’ निम्मंही झालं नसेल, तर एक गृहस्थ म्हणाले, “हा तर पोरीबाळींचा गायक. डेव्हिड बोवी नाही का?” बिर्याणी अजून यायची होती म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

टी. रेक्सचा हा गायक मार्क बोलन, खरं आडनाव फेल्ड, लंडनच्या हॅकनीतला पोरगा. वडील लॉरी चालवायचे, आई सोहोच्या बाजारात फळांच्या गाडीवर. १९६७ मध्ये त्याने टायरानोसॉरस रेक्स हा बँड काढला तेव्हा प्रकार असा होता की हा मांडी घालून गिटार घेऊन बसणार, शेजारी बोंगो, आणि गाण्यात पऱ्या नि चेटके. १९७० ला नाव छाटून टी. रेक्स केलं, इलेक्ट्रिक गिटार उचलली आणि पुढच्या दोन वर्षांत चार गाणी इंग्लंडात पहिल्या नंबरावर. ग्लॅम रॉकचा, म्हणजे चमकी नि भडक कपड्यांतल्या रॉकचा, पहिला दिवा यानेच लावला. चाहते तेरा वर्षांच्या मुली होत्या, एवढ्या एका गुन्ह्यासाठी त्याला मोडीत काढतात. बोला.

त्रिताल_तात्या:
बोलतो. ‘हॉट लव्ह’, ‘गेट इट ऑन’, ‘टेलिग्राम सॅम’, ‘मेटल गुरू’ ही तुमची चार गाणी एका दमात ऐका. मसाला तोच, भाजी तेवढी बदललेली. ‘गेट इट ऑन’चा सांगाडा रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचा, आणि शेवटी त्याचीच ओळ पुटपुटून ऋण मान्य केलंय. प्रामाणिक माणूस, एवढं म्हणतो. ज्या जॉन पीलने सुरुवातीला रेडिओवर याला उचलून धरलं, त्यालाही ते गाणं रुचलं नाही आणि दोस्ती तिथेच संपली. बोवी दरवर्षी कात टाकत होता. हा टोपी बदलत होता.

आणि तो आवाज! बकरीला पहाटे उठवल्यासारखा.

एक_आणा:
अवांतर: ग्लॅमचा विषय निघालाच आहे तर क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला हे किती जणांना...

भोंगा:
सगळ्यांना माहीत आहे हो! ‘हेक्टिक्स’ हा शाळेतला बँडही माहीत आहे. क्वीनसाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.

रिफवाला:
तात्या, ऑर्केस्ट्रात वीस वर्षं गिटार वाजवली आहे, म्हणून मध्ये पडतो. ‘गेट इट ऑन’मध्ये ई, ए आणि जी या कॉर्ड्स. संपलं. नवशिक्याला दहा मिनिटांत शिकवता येतं. एकदा एका हॉटेलच्या कार्यक्रमासाठी आम्ही ते बसवायला घेतलं आणि सपशेल आपटलो. आमचा ड्रमर दर आठ मात्रांना पुढे पळायचा, मी मोकळ्या जागा भरून काढायचो. ते गाणं भरायचंच नसतं. रेंगाळत, झुलत, नुकतंच जेवण झालेल्या माणसासारखं चालतं. बिल लेजंडचे ड्रम आणि स्टीव्ह करीचा बेस नीट ऐका, दोघांपैकी कोणालाही कुठे पोचायची घाई नाही.

वर ‘टर्टल्स’ बँडवाले वोल्मन आणि केलन यांचे ते उंच, चिरके कोरस, आणि निर्माता टोनी व्हिस्कोंटीने रचलेली व्हायोलिनं. पियानोवरून सर्रकन बोटं फिरवणारा रिक वेकमन, त्याला त्या कामाचे नऊ पौंड मिळाले असं तो स्वतःच सांगतो. तीन कॉर्ड्सवर एवढा डोलारा उभा करणं सोपं वाटत असेल तर एकदा करून दाखवा.

वेम्ब्लीची_मावशी:
मी त्याच तेरा वर्षांच्या पोरींपैकी एक, तेव्हा मला बोललंच पाहिजे.

आम्ही दादरहून १९६९ ला इकडे लंडनला आलो. दोन खोल्या भाड्याच्या, टीव्हीसुद्धा भाड्याचा, काळा-पांढरा. १९७१ चा मार्च, गुरुवारची संध्याकाळ, ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर ‘हॉट लव्ह’. त्याच्या डोळ्यांखाली चमकी लावलेली होती. रंगीत टीव्हीवर ती कशी दिसली असेल कोण जाणे, आमच्याकडे तो नुकताच रडून आल्यासारखा दिसत होता आणि तरी हसत होता. आई पोळ्या लाटता लाटता आली नि म्हणाली, “त्याच्या गालावर टिकली का गं चिकटली आहे?” मी त्या रात्री तिच्या जुन्या शालूची एक टिकली उसवली आणि वहीत चिकटवली.

पुढच्या वर्षी १८ मार्चला आमच्याच वेम्ब्लीच्या ‘एम्पायर पूल’ सभागृहात एका दिवसात दोन कार्यक्रम झाले. रिंगो स्टारने ते चित्रित केले. अण्णांनी जाऊ दिलं नाही. दुधाच्या निमित्ताने बाहेर पडले आणि भिंतीपाशी उभी राहिले. गाणं कळत नव्हतं, आतून मुलींच्या किंकाळ्या तेवढ्या येत होत्या. दूध न घेताच घरी आले, त्याचं काय झालं ते विचारू नका.

शाळेत मला ‘तू कुठली’ हे विचारण्यापलीकडे कोणी बोलत नसे. ‘बोलन की ऑझमंड’ (हाही तेव्हा पोरींचा लाडका) या प्रश्नाने पहिली मैत्रीण मिळाली.

त्रिताल_तात्या:
मावशी, दूध फार आवडलं. पण मुद्दा तिथेच अडतो. तुमची आठवण सोन्याची, गाणं पितळेचं. दोन्ही एका तराजूत कशाला? १९७३ च्या जूनमधल्या ‘द ग्रूव्हर’नंतर तो जिवंत असेतो त्याचं एकही गाणं तिथे पहिल्या दहांत आलं नाही. त्या पोरी मोठ्या झाल्या आणि याच्याकडे त्यांना द्यायला काही उरलं नव्हतं. अमेरिकेने तर एका ‘गेट इट ऑन’वर बोळवण केली, तेही दहाव्या नंबरावर. गर्दीच हवी असेल तर स्लेड हा बँड घ्या. त्यांचा गायक नॉडी होल्डर, त्याच्या घशापुढे हा कुजबुजतो, आणि १९७३ मध्ये त्यांची तीन गाणी आली त्या आठवड्यात थेट पहिल्या नंबरावर.

लंडनमध्ये बार्न्सला ज्या झाडावर गाडी आदळून तो गेला तिथे आता अर्धपुतळा आहे, फुलं आहेत, चिठ्ठ्या आहेत. शेंदूर फासायचा तेवढा राहिलाय.

भोंगा:
शेंदूर फासायला मी येतो, तुम्ही नारळ आणा.

उतार मान्य आहे. तो फुगला होता, पैसा नि ब्रँडी दोन्ही डोक्यात गेली होती. पण १९७७ बघा ना. मार्चमध्ये ‘द डॅम्ड’सारख्या पंक पोरांना बरोबर घेऊन दौरा केला, जेव्हा त्याच्या बरोबरीचे लोक पंकच्या नावाने नाकं मुरडत होते. मग मँचेस्टरच्या ग्रॅनडा टीव्हीवर ‘मार्क’ ही सहा भागांची मालिका, पहिल्याच भागात ‘द जॅम’. शेवटच्या भागात तुमचा तो बोवी. दोघे एकत्र गायला लागतात तोच बोलन अडखळून स्टेजखाली जातो आणि बोवीला हसू आवरत नाही. १६ सप्टेंबरला पहाटे ती ‘मिनी’ गाडी झाडावर गेली. त्याची जोडीदार ग्लोरिया जोन्स चालवत होती, याला गाडी यायचीच नाही. तिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे होते. तो भाग नंतर, २८ तारखेला दाखवला.

घसरलेला माणूस पुन्हा चढत होता, तात्या. तुम्ही हिशेब १९७३ ला बंद करता.

रिफवाला:
+१. शिवाय पोरींना आवडलं ते हलकं, ही फूटपट्टी बीटल्सना का नाही लावत?

त्रिताल_तात्या:
बीटल्सनाही लावली होती लोकांनी, ते तिच्यातून निघाले. असो. काल रात्री ‘कॉस्मिक डान्सर’ परत ऐकलं. तरलंय ते व्हिस्कोंटीच्या व्हायोलिनांवर.

भोंगा:
तरलंय म्हणालात. स्क्रीनशॉट घेतलाय.

एक_आणा:
मावशी, ती टिकली आहे का अजून?

वेम्ब्लीची_मावशी:
चमक गेली, पण आहे. मागच्या पानावर आईने दूधवाल्याचा हिशेब लिहिलाय, म्हणून ती वही इतक्या घरबदलांत टाकवली नाही. तात्या म्हणतात ते गाणं मात्र मला तेव्हा फार संथ वाटायचं, सुई उचलून मी पुढच्या ‘जीपस्टर’वर ठेवायचे.