पाझर तलावाचा गाळ सगळाच उपसायचा का?

बांधावरची बाभूळ: सिन्नरकडच्या आमच्या गावचा पाझर तलाव ७२च्या दुष्काळी कामावर झालेला. मातीचा भराव, एक सांडवा, बस. यंदा ग्रामसभेत ठरलं, उन्हाळ्यात सगळा गाळ काढायचा. माझं म्हणणं, वरच्या अंगाचा उथळ भाग सोडा. तिथल्या पाणकणसात टिबुकल्या घरटी करतात, घोटाभर पाण्यात शेकाटे फिरतात. मागच्या पावसाळ्यात मरळ माशाची लाल पिल्लं पाहिली. घोळका वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. खंड्या टपलेला, पण जरा खाली मरळ राखणीला! नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्यामागं गाळ साचला म्हणूनच पाखरं आली ना? २०२० ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते.

विहिरीचा धनी: तुला कॅनॉल जवळ आहे रे. माझी विहीर तळ्याखाली, फेब्रुवारीतच तळ दिसतो, उन्हाळ कांदा अर्ध्यावर. तळाला गाळ बसला की पाणी मुरत नाही, उन्हानं उडून जातं. नावच पाझर तलाव आहे. आणि नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी-कादवेचं पाणी, वर गंगापूर, दारणा. आपल्या नाल्याला दिवाळीनंतर थेंब नाही. कशाची तुलना कशाशी!

जाळंवाला: मरळ दिसली हे नशीब समज. चिलापी शिरल्यापासून जाळ्यात दुसरं येतंय काय? आणि उथळ भाग मार्चला भेगाळतो, तिथं मासा जगणार कसा? मधोमध डोह करा आणि त्यात मोटारी टाकू देऊ नका. नाहीतर दरवर्षी बीज सोडायचं अन् वैशाखात बगळ्यांना वाढायचं.

मुरूमखडी: पाखरांचं नंतर बघा. भरावावरच्या बाभळी आधी काढा, झाड लहान आहे तोवर. मूळ कुजलं की पोकळी राहते, पाणी तिथूनच वाट काढतं. भरावाच्या पायथ्याशी जेसीबी तर फिरकूच नका. उद्या बांध फुटला की दोष खेकड्यांना! २०१९ ला तिवरे धरणाच्या वेळी ऐकलंच आपण.

बांधावरची बाभूळ: बाभळी तोडायला ना नाही, मला नाव बदलावं लागेल एवढंच. डोहही मान्य. वरचा कोपरा तेवढा सोडा.

विहिरीचा धनी: किती गुंठे?

बांधावरची बाभूळ: वीसेक.

विहिरीचा धनी: दहा. आणि गाळाच्या पहिल्या ट्रॉल्या आमच्या मुरमाड वावरात.