भाचा १७ वर्षांचा, फुटबॉल क्लबचा करार आला आहे. सही करू द्यावी का?

मोर्शीचा मामा:

राम राम मंडळी. मी मोर्शी तालुक्यातला, सहा एकर संत्रा आहे. फुटबॉलातलं मले ऑफसाइडच्या पुढं काही समजत नाही, म्हणून विचारून राहिलो.

भाचा बारावीत आहे, आमच्यापाशीच वाढला. भाऊजी चार वर्षांआधी गेले. गावातले सगळे पोट्टे कबड्डी नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात, यालेच हे याड कुठून लागलं देव जाणे. सुब्रोतो कपात, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत, शाळेकडून विभागापर्यंत गेला. डाव्या पायाचा आहे. मागच्या महिन्यात नागपुरात एका स्पर्धेत दोन गोल मारले. त्यातला एक मी पाहिला नाही, चहा प्यायले गेलो होतो. ते तो मले अजून ऐकवते.

सामना झाल्यावर एक माणूस भेटला. ट्रॅकसूट, गळ्यात कार्ड. म्हणे दक्षिणेतल्या एका क्लबच्या युवा संघात घालून देतो, ५ वर्षांचा करार, महिन्याले १५ हजार, राहणं-खाणं फुकट. फक्त रजिस्ट्रेशनचे ६० हजार आठ दिवसांत भरा. सही तुमची चालते म्हणे, आईले आणायची गरज नाही.

दुसरीकडून नागपूरच्या एका क्लबचे कोच म्हणतात, आमच्याकडं जिल्हा लीग खेळ, कॉलेजच्या ॲडमिशनचं पाहू. पगार काही नाही, एसटीचं भाडं देतात.

आंबियाचा बगीचा व्यापाऱ्याले देऊन झाला, पैसे हाती आहेत. पण ते खताचे अन् फवारणीचे आहेत. बहिणीले अजून सांगितलं नाही. पोट्टा रातभर त्या करारपत्राचा फोटो मोठा करकरून पाहते. काय करू?

कामठी लेफ्टबॅक:

मामा, आधी ६० हजार खिशातच राहू द्या. क्लब खेळाडूला पैसे देतो, मागत नाही. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमात तर खेळाडूला लहानपणापासून घडवणाऱ्या जुन्या क्लबला नव्या क्लबने भरपाई द्यायची पद्धत आहे, म्हणजे पैसा उलट्या दिशेनं वाहतो.

तो माणूस एजंट असेल तर लायसन्स नंबर मागा. २०२३ पासून फिफाची परीक्षा पास झाल्याशिवाय एजंट होता येत नाही आणि यादी फिफाच्या साइटवर कुणालाही पाहता येते. गळ्यातलं कार्ड पन्नास रुपयांत लॅमिनेट होते.

दिग्रसचे पीटी सर:

मामा, मी आर्णीजवळच्या खेड्यातला. १९ व्या वर्षी एका क्लबकडून सही केली, नाव घेत नाही. दोन हंगामांत मुख्य संघाकडून एकूण ३१ मिनिटं खेळलो, तीन सामने मिळून. हा आकडा माझ्या बायकोलाही पाठ आहे.

पहिल्या दिवसाचं सांगतो. आपलं मैदान म्हणजे मुरूम आणि गोटे. चेंडू आला की उसळणारच, म्हणून आपण तो तळव्याखाली दाबायला शिकतो. तिथं सकाळी पाणी मारलेलं गवत. पास सपाट घसरत आला, मी सवयीनं पाय उचलला आणि चेंडू बुटाखालून सरळ लाइनच्या बाहेर. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी कोचनं खेळ थांबवला आणि पास देणाऱ्या पोराला म्हणाला, "याला हळू दे." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ते दीड महिन्यात सुधारलं. रोज संध्याकाळी भिंतीवर पायाच्या आतल्या बाजूनं दोनशे डावे, दोनशे उजवे. सुधारली नाही ती यादी. सामन्याच्या आदल्या दिवशी ती लागायची, माझं नाव नसायचं. राखीव संघाचे सामने म्हणाल तर वर्षात मोजून सात. रोज सराव, पण सामना नाही. या वयात पोराला सामना मिळाला नाही तर तो आहे तिथंच थिजतो, अंगावर किट मात्र क्लबचं असतं. दिवाळीला ते किट घालून गावात यायचो. सगळे फोटो काढायचे, किती खेळलास असं एकानंही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध गोल केला तो विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघानं त्या संघातल्या बऱ्याच पोरांना मोठ्या क्लबच्या बाकावर झिजत ठेवलं नाही, इंडियन ॲरोज हा संघ पुन्हा उभा करून थेट आय-लीग या देशपातळीवरच्या व्यावसायिक स्पर्धेत उतरवलं. हरायचे, पण बाप्या माणसांविरुद्ध खेळायला मिळायचं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यातलाच, क्रीडा प्रबोधिनीतून आलेला, पुढं जमशेदपूरकडून आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग खेळला. ॲरोज २०२२ मध्ये बंद केलं. का केलं ते त्यांनाच ठाऊक, मला तरी पटलं नाही.

म्हणून कुठल्याही क्लबला आधी हे विचारा की तुमचा युवा संघ कुठली लीग खेळतो, गेल्या वर्षी सामने किती झाले आणि डाव्या विंगला, म्हणजे डाव्या कडेनं पुढं खेळणारे, आधीच किती जण आहेत. पगाराचं मग. माझा १२ हजार होता आणि तीन-तीन महिने यायचा नाही. आयएसएलचंच बघा ना, महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला म्हणून २०२५ च्या जुलैत अख्खा हंगाम लटकला, काही क्लबांनी कामच थांबवलं. तिथं सतरा वर्षांच्या पोराची काय कथा.

आणि त्या ५ वर्षांबद्दल. १८ च्या आतल्या खेळाडूशी ३ वर्षांहून मोठा व्यावसायिक करार करताच येत नाही, फिफाचा नियम आहे. ज्याला हे माहीत नाही तो क्लबचा माणूस नव्हे. आई हयात असताना मामाची सही चालते म्हणणारा तर नव्हेच.

माझा करार वाढवला नाही हे मला व्हॉट्सॲपवर कळलं. मे महिना होता, बाबांसोबत वावरातली धसकटं वेचत होतो. मेसेजमध्ये नावही दुसऱ्याच पोराचं होतं, मग दुरुस्त करून परत पाठवलं.

अंजनगावची ताई:

मामा, नागपूर असो की कुठंही, जन्मतारीख आत्ताच तपासून घ्या. माझ्या भावाचं निवड शिबिरात इथंच अडलं. शाळेच्या दाखल्यावर १ जून, गुरुजींनी टाकलेली. आमच्या वर्गात अकरा जण १ जूनचे होते! ग्रामपंचायतीत मात्र १९ नोव्हेंबर. म्हणजे शाळेनं त्याला पाच महिने म्हातारं केलं होतं, त्यात त्याचा फायदा काहीच नव्हता, तरी दोन कागद जुळत नाहीत म्हणून परत पाठवलं. वयाची चोरी इतकी चालते की मनगटाचा एक्स-रे नाहीतर एमआरआय काढतात, मग कागदावर कोण विश्वास ठेवणार.

आणि बहिणीला आजच सांगा हो. तिला बाहेरून कळलं तर तुमचं काही खरं नाही.

मोर्शीचा मामा:

सगळ्यायचे आभार. बहिणीले सांगितलं. तिनं आधी विचारलं, तिथं जेवायले काय भेटते. मग अर्धा तास मले बोलली.

त्या माणसाले लायसन्स नंबर मागितला. म्हणे, "मामा, माझ्यावर भरोसा नाही का?" रात्री परत फोन, ४० हजारच द्या म्हणे, तुमच्यासाठी स्पेशल. साठाचे चाळीस झाले तवा समजलं. सही नाही केली. भाचा दोन दिवस बोलला नाही, जेवला मात्र बरोबर.

जन्माचे दोन्ही कागद जुळतात, देवाची कृपा. नागपूरच्या कोचले सरांचा प्रश्न विचारला, डाव्या विंगले किती जण. हसले. म्हणे दोन होते, एक या महिन्यात रेल्वेत लागला. रविवारी पहिल्या एसटीनं नेतो.

एकच राहिलं. त्यांचं मैदान अर्धं गवत, अर्धी माती आहे. बूट रबरी खिळ्यांचे घ्यावे की ते लांब खिळ्यांवाले? नंबर ७ आहे.

दिग्रसचे पीटी सर:

रबरी, आखूड खिळ्यांचे. आणि ७ म्हणजे ७ च घ्या. पोरगं वाढतं आहे म्हणून आपण ८ घेतो, पुढं कापूस कोंबतो, आणि मग चेंडूवरचा पहिला टच कुठं गेला ते शोधत बसतो.