मुलं आणि सासूबाईंना घेऊन एका दिवसाचा ट्रेक, हरिहर की अंजनेरी?

गोदाकाठची_आई : आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो, पुढच्या रविवारी घरचे सगळे मिळून कुठेतरी डोंगरावर जायचं चाललंय. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ ची, आणि सासूबाई ६३ च्या, गुडघे तसे ठीक आहेत पण उतरताना त्यांना भीती वाटते. ह्यांच्या मनात हरिहर गड भरलाय, ऑफिसातले लोक जाऊन आले आणि त्या उभ्या पायऱ्यांचे फोटो बघून मुलगापण हट्ट धरून बसलाय. मला काही पटत नाहीये. कोणी लहान मुलांना घेऊन गेलंय का? आणि थंडीत पहाटे निघावं की ऊन आल्यावर?

कातळवाट : ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या ८ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो, रविवारच होता, पायथ्याच्या निरगुडपाड्यातून पायऱ्यांपर्यंत मस्त गेला, पायऱ्यापण भराभर चढला, कारण चढताना तोंड कातळाकडे असतं आणि हात घालायला पायरीत खोबण्या आहेत. खरी गंमत उतरताना कळते. खालून लोक चढतायत, वरून आम्ही उतरतोय, वाट एकच, आणि मधेच पोरगं थांबलं. दोन्ही हात खोबणीत घट्ट, बोटं पांढरी पडलेली, ना वर ना खाली. मी त्याच्या खालच्या पायरीवर होतो पण एक हात सोडून त्याला धरायची माझीच हिंमत होईना. शेवटी गावातला एक मुलगा अनवाणी वर आला आणि त्याचा एकेक पाय हातानं धरून खालच्या पायरीवर ठेवत गेला. अर्धा तास गेला असेल. त्या मुलाचे पाय धरावेसे वाटले मला. हरिहर सुंदर आहे, १८१८ मध्ये इंग्रजांनी आसपासच्या गडांच्या वाटा तोडल्या पण ह्या पायऱ्या राहिल्या हे आपलं नशीब, पण ६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई, तेपण रविवारी, नका नेऊ. मुलाला दोन-तीन वर्षांनी न्या, मधल्या वारी, आणि उतरताना तोंड कातळाकडेच ठेवायचं हे आधीच शिकवून.

सह्यभटका_नाशिक : अंजनेरीला जा, डोळे मिटून. त्र्यंबक रोडला साधारण २० किमी, गाडी गावातून वर बऱ्यापैकी जाते, वाटेत नवरा-नवरीचे सुळके दिसतात. मग पायऱ्या लागतात आणि त्या एका अरुंद घळीतून वर जातात, दोन्हीकडे काळा कातळ, कडेला लेणं. घळीत सकाळी चांगलंच गार असतं, कानटोपी बॅगेत टाकू नका, डोक्यावरच राहू द्या. वर पठार, अंजनीमातेचं मंदिर, पुढे तळं आणि सीतागुंफा. सासूबाई पहिल्या मंदिरापर्यंत आरामात येतील, त्याच्या पुढचा चढ तुम्ही ठरवा. हनुमानाचं जन्मस्थान मानतात त्यामुळे त्यांनापण आवडेल. सातला गाडीत बसा म्हणजे नऊच्या आत चढायला लागाल. बाराच्या पुढे पठारावर ऊन लागतं, थंडी असली तरी.

पठारावरचा_वारा : वरच्याला +१, फक्त माकडांचं कोणी सांगितलं नाही. पिशवी हातात दिसली की ओढतात, खाणं सगळं बंद सॅकमध्ये. अत्तर, परफ्यूम लावून जाऊ नका, कड्याला आग्या मोहोळं असतात आणि त्यांच्या वाटेला जायचं नाही. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत, थंडीत गवत वाळलेलं असतं आणि त्याखालच्या घसाऱ्यावर साधा बूट सटकतो. पाणी माणशी दीड-दोन लिटर, थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखायला लागतं. जास्तच सोपं हवं असेल तर पेठ रोडला रामशेज, आशेवाडीतून तासाभरात वर. संभाजी महाराजांच्या काळात ह्याच छोट्या गडानं मुघलांना कित्येक वर्षं झुंजवलं, मुलाला तिथे उभं करून ते सांगा, हरिहर विसरेल.

गोदाकाठची_आई : सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल अंजनेरीला जाऊन आलो. सातचे साडेसात झाले पण घळीत अजून सावलीच होती, सासूबाईंनी कातळाला हात लावला आणि म्हणाल्या फ्रिजसारखा गार लागतोय गं. प्रत्येक वळणावर थांबत थांबत त्या मंदिरापर्यंत आल्या, पुढे नाही म्हणाल्या, मीपण त्यांच्याजवळ थांबले. तीळ-गुळाच्या वड्या आणि पोळी-ठेचा तिथेच खाल्ला, सॅक पायात धरून. हे आणि मुलगा तळ्यापर्यंत जाऊन आले. पण सांगायचं ते वेगळंच, कड्याच्या जरा आतल्या बाजूला बसलो होतो आणि मुलीनं खाली बोट दाखवलं, आमच्या पायाखालून गिधाड जात होतं, पंख न हलवता, त्याची पाठ दिसत होती आम्हाला वरून! आजवर पक्षी खालूनच बघितलेत. उतरताना मुलाला सांगितलेलं की आजीच्या पुढे एक पायरी राहायचं, तो अगदी खालपर्यंत तसाच राहिला, आजीचा हात खांद्यावर घेऊन. आता त्याला रामशेज बघायचाय. जानेवारीत सकाळी त्या वाटेवर सावली असते का हो, की तिथे अजून लवकर निघावं लागेल?