जेनिफर जोन्स यांची थोरवी २००५ च्या त्या एका दगडावर ठरवावी का?

प्रश्न (हिमांशू)

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्य-वर्तुळात नेण्याचा खेळ. त्यातील कॅनडाच्या जेनिफर जोन्स यांनी २००५ च्या स्कॉटीज (कॅनडाची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा) अंतिम सामन्यात सोडलेला शेवटचा दगड मी नुकताच पाहिला. दहाव्या एंडमध्ये (डावात) ४-६ अशा पिछाडीवर असताना तो वर्तुळाबाहेरच्या दगडावर आपटला, कोन बदलून आत शिरला आणि प्रतिस्पर्धी ऑन्टारिओ प्रांताच्या संघाचा मोक्याचा दगड उडवून चार गुण देऊन गेला. निकाल ८-६. यात कौशल्य किती आणि दैव किती?

उत्तर (रेवती)

दैवाचा वाटा होताच. मात्र शेवटचा दगड कोणत्या वाटेने न्यायचा हा निर्णय स्किपचा (संघनायिकेचा) असतो आणि तो मार्ग दिसणे हेही कौशल्यच आहे. तरीही माझ्या मते त्यांची खरी उंची २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये दिसली. २०१२ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि त्याच वर्षी मुलीचा जन्म, एवढे सोसून त्या परतल्या आणि केटलिन लॉस, जिल ऑफिसर व डॉन मॅकइवन यांच्यासह अकराच्या अकरा सामने जिंकल्या. ऑलिम्पिकमध्ये एकही सामना न गमावता सुवर्ण मिळवणारा महिला संघ त्याआधी झाला नव्हता. अंतिम फेरीत स्वीडनला ६-३ असे नमवले, तेव्हा दैवाला दोष किंवा श्रेय देण्याची सोयच उरली नाही.

उत्तर (बर्फवाट)

सोचीबद्दल सहमत, पण बीजिंगला २०२२ मध्ये त्यांचा संघ उपांत्य फेरीतही पोहोचला नाही, हेही नोंदवायला हवे. जागतिक विजेतेपदेही दोनच, २००८ आणि २०१८.

उत्तर (रेवती)

‘दोनच’ म्हणताना कॅनडातील चुरस विसरू नये. तिथे राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्याशिवाय जागतिक स्पर्धेचे दार उघडत नाही, आणि ती त्यांनी सहा वेळा जिंकून कॅनडाच्याच कर्लिंगपटू कॉलीन जोन्स यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. शिवाय हे सारे वकिली सांभाळून. २०२४ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, कॅलगरीतील आपल्या अखेरच्या स्कॉटीजमध्येही त्या अंतिम फेरीत होत्या आणि रेचल होमन यांच्याकडून ५-४ असा निसटता पराभव झाला.

हिमांशू

आभारी आहे. आता सोचीचे साखळी सामने क्रमाने पाहतो.