मदत हवी आहे: ७ टेस्लावर गाबा निम्माच का येतोय?

मुळाकाठची

नमस्कार मंडळी,

इथे एमआरआयवाले दोघं-तिघं तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून धाडस करतेय. पुण्यात फिजिक्सची एमएस्सी केली, आता नेदरलँड्समध्ये पीएचडीचं दुसरं वर्ष. काम मेंदूतली रसायनं मोजण्याचं, म्हणजे एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. लॅबमध्ये विचारून विचारून थकले, दर वेळी "बेसलाइन बघ" (म्हणजे आलेखाची तळरेषा तपास) एवढंच उत्तर. मराठीत मांडलं तर कुठे अडलंय ते निदान माझं मला तरी कळेल.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात: सुई नाही, रक्त नाही, किरणोत्सर्गी काही नाही. (आईला अजून वाटतं मी लोकांच्या डोक्यातलं पाणी काढून तपासते.) एमआरआयचं चित्र येतं ते मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचं. पण हायड्रोजन क्रिएटिन, ग्लुटामेट, गाबा (चेतापेशींना शांत करणारं रसायन) अशा मेंदूतल्या रसायनांच्या रेणूंतही असतो, आणि आजूबाजूच्या अणूंमुळे प्रत्येकाचा सूर जरा वेगळा लागतो. हा सूर पीपीएममध्ये (मूळ वारंवारतेच्या दशलक्षांश भागांत) मोजतात: पाणी ४.७ पीपीएमला, क्रिएटिन ३.० ला, एनएए (मेंदूतलंच आणखी एक रसायन) २.० ला. पाण्याचा आवाज दाबायचा आणि मागची कुजबुज ऐकायची. एनएए लिटरमागे साधारण १० मिलिमोल, गाबा जेमतेम १-२, आणि पाणी चाळीस हजारांच्या आसपास. यावरून कल्पना करा.

टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद. ३ टेस्लावर १ पीपीएम म्हणजे १२८ हर्ट्झ, ७ वर २९८. त्यामुळे ३ वर एकमेकांच्या अंगावर बसलेले ग्लुटामेट आणि ग्लुटामिन ७ वर सरळ वेगळे दिसतात. पहिल्यांदा स्क्रीनवर ते दोन पीक सुटे पाहिले त्या रात्री मला झोप नव्हती.

आता अडचण. तीच १२ माणसं दोन्ही मशीनवर घेतली. ३ टेस्लावर डोक्याच्या मागच्या भागात ३×३×३ सेंमी व्हॉक्सेल (मोजायचा ठोकळा), मेगा-प्रेस (गाबा वेगळा काढायची मोजणीची पद्धत), एको टाइम (पल्सपासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) ६८ मिलिसेकंद, ३२० अॅव्हरेज, जवळपास ११ मिनिटं. ७ वर त्याच जागी २×२×२, सेमी-लेझर (मोजणीची दुसरी पद्धत), एको टाइम २६, पाच मिनिटांच्या थोडं वर. दोन्हीकडे एलसीमॉडेल (स्पेक्ट्रममधून प्रत्येक रसायन वेगळं काढणारं सॉफ्टवेअर), दोन्हीकडे क्रिएटिनशी गुणोत्तर. ग्लुटामेट छान जुळतंय. गाबा मात्र ७ वर जवळजवळ निम्मा!

शिम (चुंबकक्षेत्र एकसारखं करणं) चांगला आहे, पाण्याची लाइनविड्थ (पीकची रुंदी) १२-१३ हर्ट्झ. डोक्यामागे कॅल्शियम टायटनेटची उशी ठेवली होती, म्हणजे तिथे आरएफही (रेडिओलहरी) नीट पोचतंय. गाबाची क्रॅमर-राव त्रुटी (फिटमधली किमान अनिश्चितता) २० टक्क्यांच्या वर गेलेली तीन माणसं ७ च्या डेटातून काढली. कुठे चुकतंय?

पाटलांचा_बंड्या

प्रश्नातलं ओ की ठो कळलं नाही, पण धागा वाचतोय. अवांतर: ७ टेस्लात झोपल्यावर माणसाला काही जाणवतं का?

मुळाकाठची

@बंड्या, टेबल आत सरकताना बऱ्याच जणांना गरगरतं. काहींना तोंडात धातूची चव येते, जिभेवर चमचा ठेवल्यासारखी. म्हणून आम्ही टेबल अगदी हळू नेतो. आत स्थिर पडलं की उतरतं. मला स्वतःला दर वेळी वाटतं की मी डावीकडे कलतेय.

निवृत्त_शिमवाला

ताई, तुमचं ७ टेस्ला बहुधा खरं बोलतंय. शंका ३ टेस्लावर घ्या.

मेगा-प्रेसमध्ये तुम्ही १.९ पीपीएमवर एडिटिंग पल्स मारता, एकदा चालू, एकदा बंद. गाबाचा ३.० चा पीक त्या १.९ शी जोडलेला, म्हणून तो बदलतो. क्रिएटिनला १.९ शी काही देणंघेणं नाही, म्हणून वजाबाकीत ते उडून जातं आणि खालचा गाबा दिसतो. युक्ती झकास आहे, १९९८ मध्ये मिनेसोटाच्या मंडळींनी मांडलेली. पण मेंदूतल्या प्रथिनांमधलं लायसिनही ३.० ला असतं आणि ते १.७ शी जोडलेलं. १.९ आणि १.७ मधलं अंतर ३ टेस्लावर फक्त २६ हर्ट्झ. तेवढा अरुंद पल्स ६८ मिलिसेकंदांच्या एकोत कुठून बसवणार? तो १.७ लाही धक्का देतोच. म्हणून तुमच्या ३.० च्या पीकमध्ये ढोबळमानाने निम्मा माल मॅक्रोमॉलिक्यूलचा, म्हणजे प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचा असतो. लोक त्याला उगाच 'गाबा प्लस' म्हणत नाहीत.

वाण्याने धडा न करता डब्यासकट तूप तोललं, तर आकडा मोठा येणारच.

व्हॉक्सेलचा आकार वेगळा आहे म्हणून त्यावर ढकलू नका. २ सेंमीच्या व्हॉक्सेलमध्ये करडा भाग जास्त आला असेल तर गाबा वर जायला हवा, खाली नाही. एको टाइम वेगळे आणि क्रिएटिनचा टी-२ (सिग्नल विरण्याचा काळ) ही ७ वर कमी, त्याने थोडा फरक पडेल. पण निम्मा नाही.

माझे दोन प्रश्न. ३ टेस्लाच्या बेसिस सेटमध्ये (फिटसाठीच्या नमुना स्पेक्ट्रमांच्या संचात) ३.० चा मॅक्रोमॉलिक्यूल वेगळा टाकलाय का? आणि ७ वर मॅक्रोमॉलिक्यूलचा स्पेक्ट्रम इन्व्हर्जन रिकव्हरीने (सिग्नल उलटवून, बाकी रसायनं शून्यावर असताना) मोजलाय, की एलसीमॉडेलच्या स्प्लाइनवर (अंदाजाने काढलेल्या वळणदार तळरेषेवर) सोडून दिलंय? सोडलं असेल तर तिथेही धडा अंदाजानेच झालाय. स्प्लाइन जरा लवचिक ठेवली की ती गाबा गिळते.

खवचट_खारूताई

शिमवाल्यांना +१. पण मला वेगळ्याच गोष्टीचा राग आलाय.

ती तीन माणसं का काढली? क्रॅमर-राव टक्केवारीत असते, म्हणजे त्रुटी भागिले गाबा. ज्याचा गाबा खरोखरच कमी, त्याची टक्केवारी आपोआप वाढते. नॉइज सगळ्यांचा सारखा असला तरी कमी गाबावाला बाहेर! उरलेल्यांची सरासरी वर सरकते आणि आपण खूश. उद्या रुग्णांवर हेच केलंत तर ज्या माणसांसाठी अभ्यास केला तीच पहिली कटणार. लाइनविड्थ आणि सिग्नल-टू-नॉइज बघून काढा, हलला असेल तर काढा. टक्केवारी बघून नको.

(तिघांना परत घेतल्यावर तुमचा ७ चा आकडा आणखी खाली जाईल, तयारी ठेवा. ह.घ्या.)

मुळाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. चार दिवस गायब होते, कारण सगळं परत फिट करत बसले होते.

३ टेस्लाच्या बेसिस सेटमध्ये मॅक्रोमॉलिक्यूल नव्हताच. माझ्याआधीच्या विद्यार्थ्याचा सेट तसाच उचलला होता, फाइल उघडून बघायचंही सुचलं नाही. आता टाकला. पहिल्यांदा मोकळा सोडला तर गाबा आणि तो एकमेकांचं खाऊ लागले, एकात वाढ की दुसऱ्यात घट. मग ०.९ पीपीएमवरच्या मॅक्रोमॉलिक्यूलशी त्याचं प्रमाण बांधून ठेवलं, तेव्हा शांत झाले. दोन मशीनमधला फरक बराच उतरला.

७ वर स्प्लाइनच होती. परवा स्वतःच आत पडून मॅक्रोमॉलिक्यूलचा स्पेक्ट्रम मोजून घेतला (मैत्रीण कन्सोलवर, मी डावीकडे कलतेय). तिघांना परत घेतलं आणि खारूताई म्हणाल्या तेच झालं, सरासरी खाली आली.

आता शेवटची शंका. इन्व्हर्जन टाइम (सिग्नल उलटवल्यानंतरचा थांबा) कितीही हलवला तरी क्रिएटिनचा ३.९ चा पीक थोडा उरतोच, इतर सगळे शून्यावर गेले तरी. तो हाताने काढून टाकायचा ना?

निवृत्त_शिमवाला

हो. त्याचा टी-१ (सिग्नल सावरायचा काळ) इतरांपेक्षा कमी, तो सगळ्यांनाच छळतो. फिट करून वजा करा, आणि वजा केलंय हे पेपरात लिहा. एकाच्या डोक्यावर थांबू नका, चार-पाच जणांचा मोजून सरासरी घ्या.